सर्वांत आखूड स्थितीत

तपासनिसाने खिशातून एक नाणे काढले, रायफलीच्या दस्त्याच्या खालच्या अंगाला असलेल्या स्क्रूच्या खाचेत बसवले आणि तीनदा फिरवले. स्क्रू निघून त्याच्या तळहातावर पडला. तो त्याने टेबलावरच्या हिरव्या कापडावर ठेवला, खांद्याला टेकणारी पट्टी आत ढकलली आणि रायफल पुन्हा मोजपट्टीच्या खोबणीत आडवी केली.

"एकशे तीन सेंटिमीटर आणि एक मिलीमीटर," तो म्हणाला. "कमीत कमी एकशे पाच पाहिजे."

"पण स्क्रू तुम्ही काढलात!" टेबलापाशी उभी असलेली टपालबाई म्हणाली. "स्क्रू होता तेव्हा एकशे पाचच्या वर भरली. आत्ताच मोजलीत की."

"बाई, नियम सतरा. बदल केलेल्या दस्त्याची बंदूक सर्वांत आखूड स्थितीत मोजायची. हत्याराशिवाय जेवढी आखूड होईल तेवढी." त्याने नाणे दोन बोटांत धरून दाखवले. "मी कुठलं हत्यार वापरलं? हे?"

रांगेत मागे उभा असलेला एक जण हसला. टपालबाईच्या नेमबाजीच्या फेरीला वीस मिनिटे उरली होती. टपाल कचेरीच्या खिडकीवर बसणाऱ्या, बारा वर्षे क्लबात नेम धरणाऱ्या, त्यातली सात वर्षे हाताने अडलेल्या या बाईची ही पहिली मोठी स्पर्धा होती. तिने मागे वळून दोरीपलीकडे पाहिले. तिथे तो दस्ता ज्याने घडवला तो उभा होता. तिनेच त्याला आग्रहाने बोलावले होते. सगळे त्याला मिलीमीटर म्हणत.

मिलीमीटर दोरीखालून वाकून पुढे आला. "साहेब, तो अडसर मी बसवलाय. पट्टी त्याच्या आत यायलाच नको म्हणून. या ताईंच्या हाताचं मापच असं आहे, की..."

"तुम्ही कोण?"

"दस्ता माझ्या हातचा आहे."

"बरं झालं सांगितलंत." तपासनिसाने वहीत एक ओळ लिहिली. "बदलाची परवानगी? परवान्यात नोंद दिसत नाही."

"परवानगी आलीये," मिलीमीटर ठामपणे म्हणाला. "नोंद मागाहून होते ना. कागद दुकानात आहे."

"मग आणा. कागद असेल तर ही नुसती चूक. दुरुस्तीला पंधरा दिवस मिळतात. नसेल तर गुन्हा." तपासनिसाने रायफलीच्या चापाला लाल दोरा बांधला, त्यावर लाख ओतली आणि पुढच्या माणसाला बोटाने खूण केली.

मिलीमीटरने तिथूनच धाकट्या भावाला फोन लावला. दुकान भावाच्या नावावर होते. परवानगीचे कागद त्याच्याकडेच असत.

"टपालबाईंचा कागद घेऊन लगेच मैदानावर ये," तो म्हणाला. "रिक्षा कर, काहीही कर, पण ये."

पलीकडून भाऊ म्हणाला, "दादा, तू आधी घरी ये."

*

मिलीमीटर हे नाव त्याला गिऱ्हाइकांनी ठेवले होते. बंदुकीचा दस्ता म्हणजे खांद्याला टेकणारा लाकडी भाग. लोकांना वाटते नळी महत्त्वाची. तो म्हणायचा, "नळी कुणाचीही असते हो, दस्ता ज्याचा त्याचा असतो. गालाला तीन मिलीमीटर उंच झाला की माणूस आभाळात गोळ्या मारतो." एकेका दस्त्याला तो महिना लावी. गिऱ्हाइकाला डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगे, मग डोळे उघडायला सांगे. नजर थेट नळीच्या टोकावरच्या माशीवर पडली तरच दस्ता पसंत. नाही तर पुन्हा कानस.

वडील गेले तेव्हा दुकानाचा परवाना धाकट्याच्या नावावर झाला, कारण लेखी परीक्षा धाकटाच पास झाला होता. मिलीमीटरकडे कारागिराचे प्रमाणपत्र होते. धाकट्याला मूलबाळ नव्हते. मिलीमीटरची एकुलती मुलगी चार वर्षांपासून काउंटरवर बसत होती आणि परवान्यावर पुढे तिचे नाव लागायचे हे घरात ठरलेलेच होते. दुकान पुढे, कारखाना मागे. पुढच्या भागात काय चालते याच्याशी मागच्याला कधी देणेघेणे नव्हते.

टपालबाई दुकानात आली ती आईला घेऊन. म्हणजे आईच तिला घेऊन आली असे म्हटले तरी चालेल. सायकलवरून पडून टपालबाईचे उजवे कोपर मोडले होते. तीन शस्त्रक्रिया झाल्या आणि कोपर काटकोनात कायमचे गोठले. जड पेटी तिला उचलता येत नव्हती, म्हणून बंदुकीची पेटी सत्तरीची आई खांद्याला अडकवून आणायची आणि कारखान्यातल्या स्टुलावर ऐसपैस बसायची.

"हिला लग्नाचं विचारलं की रागावते, बंदुकीचं विचारलं की खुलते," म्हातारी पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "तुम्ही हिला बंदूक नीट करून द्या, भाऊ. माझं तरी तोंड बंद होईल."

"आई, तुझं तोंड कशानंही बंद होणार नाही," टपालबाई म्हणाली आणि तिघेही हसले होते.

काम अवघड होते. हात पुढे जात नव्हता, म्हणजे दस्ता आखूड हवा. थंडीत जाड जाकीट घातले की आणखी आखूड, उन्हाळ्यात लांब. म्हणून पट्टी सरकती. सरकत्या पट्टीची सळई बाजारात मिळते तेवढीच लांब असते. ती कापून टाकता आली असती. पण चांगली सळई कापायला त्याचा हात धजला नाही. त्याने अडसराचा स्क्रू बसवला आणि एवढे पुरे आहे असे मानले. आयुष्यभर मिलीमीटरने मोजणाऱ्या माणसाची चूक म्हणावी तर एवढीच.

परवानगीचे मात्र त्याने विचारले होते. काम सुरू करण्याआधी तो पुढे जाऊन भावाला म्हणाला होता, "टपालबाईंच्या अर्जाचं काय झालं?"

"आली परवानगी," धाकटा मान वर न करता म्हणाला होता. "तू कर सुरू."

तेच त्याने टपालबाईला सांगितले होते. "ताई, परवानगी आली. आता लाकूड निवडू या."

*

मैदानावरून तो घरी पोहोचला तेव्हा दुपार टळली होती. जेवणाच्या टेबलाशी धाकटा बसला होता, समोर मिलीमीटरची बायको शेंगा सोलत होती आणि मुलगी फ्रिजला टेकून उभी होती. तिघांनी आधी काहीतरी बोलून घेतले होते हे त्याला दारातच कळले.

"अर्ज पाठवलाच नाही, दादा," धाकटा म्हणाला. "विसरलो. कॅटलॉगांच्या खाली राहिला. तू विचारलंस तेव्हा आठवलं, पण सांगायची लाज वाटली. म्हटलं उद्या पाठवू. मग परवा. मग तू दस्ता पूर्णच केलास."

"आता कुठाय अर्ज?"

धाकट्याने मुलीकडे पाहिले. मुलगी फरशीकडे पाहत होती.

"तू घेतला होतास ना काउंटरवर?" मिलीमीटरने तिला विचारले. "टपालबाईंनी तुझ्याच हातात दिला असेल."

"काका म्हणतात, आला नव्हता," मुलगी म्हणाली.

"काका काय म्हणतात ते विचारलं नाही मी. आला होता का?"

"बाबा, आता तो नाहीच आहे कुठे. मग आला होता काय आणि नव्हता काय."

शेंगांचा वाडगा बायकोने बाजूला सरकवला. "अहो, जरा शांतपणे ऐका. दुकानाची चूक निघाली तर परवाना जातो. म्हणजे भाऊजींचाही गेला आणि हिचाही गेला. हिचं नाव लागायला दोन महिने उरलेत. तुमचं एकट्याचं प्रमाणपत्र गेलं तर काय, तुमचं वय झालंच आहे. गुडघे दुखतात म्हणून रोज तुम्हीच सांगता."

"माझं जाऊ दे. मी म्हणेन, कागद न बघता काम केलं. ते खरंच आहे."

"तेवढ्यावर भागत नाही ना," धाकटा म्हणाला. "ते विचारणार, परवानगी आली असं तुला सांगितलं कुणी? माझं नाव घेतलंस तर फिरून तेच."

"मग कुणाचं घेऊ?"

बाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होते, ती सुरू होत नव्हती. शेवटी बायकोनेच ते तोंडातून काढले.

"गिऱ्हाइकानं सांगितलं म्हणा. गिऱ्हाइकं सांगतातच की काहीबाही. तिला काय होणार आहे? दंड होईल. सरकारी नोकरी आहे तिला. बंदूक म्हणजे तिचा छंद. आपलं पोट आहे."

"तिनं काय वाईट केलंय आपलं?"

"आणि आपल्या पोरीनं काय केलंय?" बायको म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

मिलीमीटर मुलीकडे पाहत राहिला. लहानपणी कारखान्यातल्या भुश्शात खेळणारी, त्याच्या पाठीवर बसून काम बघणारी ही पोर. ती आता मान वर करेल, "नको बाबा" म्हणेल, असे त्याला वाटले. तिने मान वर केली.

"बाबा, एकदाच बोलायचंय तुम्हाला," ती म्हणाली. "एकच वाक्य."

*

सुनावणीची खोली लहान होती. अधिकाऱ्याच्या टेबलावर ती रायफल लाल दोऱ्यासकट आडवी ठेवली होती. एका बाजूला टपालबाई, दुसऱ्या बाजूला धाकटा, मुलगी आणि मिलीमीटर. तपासनिसाने नाण्याची हकिगत सांगितली. टपालबाईने रजा काढून नियमांचे पुस्तक वाचलेले दिसत होते. तिने जागोजाग कागदाच्या चिठ्ठ्या घातल्या होत्या.

"हत्यार म्हणजे काय, हे पुस्तकात कुठेच दिलेलं नाही, साहेब," ती म्हणाली. "ज्यानं स्क्रू निघतो ते हत्यारच. मग नाणंही हत्यार झालं."

"चमच्यानं मी डबा उघडला तर चमचा हत्यार होईल का?" अधिकारी म्हणाला. तपासनीस हसला, आणि धाकटाही हसला. "ते सोडा, बाई. लांबीचा दोष दुरुस्त होतो. माझा प्रश्न वेगळा आहे. परवानगी न घेता बदल का केलात?"

"मी अर्ज दिला होता. दुकानात, काउंटरवर. या ताईंच्या हातात." तिने डाव्या हाताने मुलीकडे बोट केले.

"पोच?"

"घेतली नाही. ओळखीचं दुकान. तीन महिने येत-जात होते मी तिथे. आई यायची. पोच मागायचं सुचलंही नाही."

अधिकाऱ्याने मुलीला विचारले. मुलीने स्पष्ट आवाजात सांगितले, की असा अर्ज काउंटरवर आला नव्हता, आणि येणाऱ्या प्रत्येक अर्जाची नोंद असते. तिने वही पुढे केली. वही नवी करकरीत होती.

"परवानगी आली, असंही मला सांगण्यात आलं होतं," टपालबाई म्हणाली. तिचा आवाज आता थोडा वर गेला होता, पण त्यात अजून धीर होता. "ज्यांनी दस्ता घडवला त्या काकांना विचारा. त्यांनीच मला सांगितलं. ते खोटं बोलायचे नाहीत."

अधिकाऱ्याने मिलीमीटरकडे पाहिले. "उठा. परवानगी आल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मिलीमीटर उठला. गेले चार दिवस ते वाक्य त्याने तोंडात घोळवले होते. लाकडाची ढलपी जिभेवर यावी आणि थुंकता येऊ नये तसे ते झाले होते. बोलायचेच नाही असे त्याने वाटेत ठरवले होते. गप्प राहू, काय व्हायचे ते होईल. पण शेजारी मुलगी मांडीवरच्या वहीचा कोपरा पुन्हा पुन्हा दुमडत होती. ती बोटे त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत राहिली.

"बाईंनी," तो म्हणाला.

"कोणत्या बाईंनी?"

"या टपालबाईंनी. म्हणाल्या, परवानगी आलीये, सुरू करा. मी कागद बघितला नाही. ती माझी चूक."

टपालबाईने त्याच्याकडे पाहिले. ती चिडली नाही, ओरडली नाही. एखादे ओळखीचे घर सापडू नये आणि माणसाने गल्लीत उभे राहून इकडे तिकडे बघावे तशी ती क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिली.

"काका?" ती म्हणाली.

एवढेच. अधिकारी लिहीत होता. मिलीमीटरने नजर रायफलीवर वळवली. दस्त्याच्या गालाच्या जागी तेल मुरून लाकडाच्या रेषा वर आल्या होत्या. तेलाचा हात फार सुरेख बसला होता.

निकाल पंधरवड्यात आला. कारागिराने कागद न पाहता काम केले म्हणून त्याचे प्रमाणपत्र रद्द. दुकानाला लेखी समज. गिऱ्हाइकाने परवानगीबद्दल कारागिराची दिशाभूल केली आणि सुनावणीत खोटे विधान केले, म्हणून तिचा परवाना कायमचा रद्द, रायफल जमा. निकालाची एक प्रत तिच्या खात्याकडे माहितीसाठी.

*

नियम एकतीस असा होता, की अवैध ठरलेला दस्ता मालकाच्या उपस्थितीत, अधिकाऱ्यासमोर, प्रमाणित कारागिराच्या हातून तीन तुकडे करून नष्ट करावा.

"पण माझं प्रमाणपत्र तर गेलं," मिलीमीटर म्हणाला.

कार्यालयातून आलेल्या कारकुनाने आदेश उलटून पाहिला. "सोमवारपासून. आज शुक्रवार आहे. आज तुम्ही कायदेशीर आहात. दुसरा कारागीर आणायचा तर मला पुन्हा यावं लागेल. करवत आहे ना?"

टपालबाई कारखान्याच्या दारात उभी होती. एकटीच आली होती. धाकट्याने तिला बसायला स्टूल पुढे केले, ती बसली नाही. कारकुनाने सोबत आणलेल्या दस्त्यावर खडूने दोन रेघा मारल्या. मिलीमीटरने त्या पाहिल्या आणि म्हणाला, "दुसरी तिरकी आलीये," आणि लाजला. कारकून म्हणाला, कापायचेच तर आहे. तरी मिलीमीटरने काटकोन्या लावून रेघ सरळ केली. त्याला राहवलेच नाही.

दस्ता वाइसच्या लोखंडी जबड्यात धरताना लाकडाला वळ पडू नये म्हणून त्याने दोन्ही बाजूंना चामड्याचे तुकडे घातले. मग करवत चालवली. अक्रोडाचा वास सुटला, कडवट गोड. पहिला तुकडा पडला. दुसऱ्या रेघेला सरकत्या पट्टीची सळई लागली, तेव्हा त्याला करवत बदलावी लागली. लोखंडाच्या करवतीने ती सळई कापायला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ कारखान्यात दुसरा आवाज नव्हता.

"वा, सरळ कापता हो," कारकून म्हणाला. "आमच्याकडे लोक लाकूड फोडून ठेवतात."

तीन तुकडे झाले. मिलीमीटरने सवयीने कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, कड खरखरीत लागली, आणि त्याचा हात पॉलिशपेपरकडे गेला.

"ते कशाला आता?" कारकून म्हणाला.

"नाही... काही नाही," मिलीमीटरने हात मागे घेतला.

कारकुनाने तुकडे पिशवीत घालून पिशवी बांधली आणि कागद टपालबाईपुढे धरला. तिला हात लांब करून लिहिता येत नसे. कागद छातीजवळ आणून, पेटीच्या झाकणावर ठेवून ती सही करत असे, आणि एरवी त्या वेळी मिलीमीटर लगबगीने काहीतरी आधाराला देई. आज तो वाइसपाशीच उभा राहिला. तिने कागद भिंतीला टेकवला, अंगाने दाबून धरला आणि सही केली. मग कुणाकडे न बघता निघून गेली.

सोमवारी धाकट्याने कारखान्याच्या दाराला नवे कुलूप लावले. "तुला आत दिसायलाही बंदी आहे, दादा," तो म्हणाला. "माझा नाइलाज आहे."

दीड महिन्याने मुलीचे नाव परवान्यावर लागले. तिने परवाना आणून बापाच्या हातात दिला. त्याने चष्मा लावून तो अथपासून इतिपर्यंत वाचला.

"बरोबर आहे ना, बाबा, सगळं?"

"शुद्धलेखन बरोबर आहे," तो म्हणाला.

*

त्यानंतर कितीतरी दिवस तो नुसता घरात बसला. बायकोने त्याला तांदूळ निवडायला दिले, तेही तो दाणा दाणा उजेडात धरून निवडू लागला, तेव्हा तिने ताट काढून घेतले. "फिरून या जरा," ती म्हणायची. तो फिरून यायचा. एके दिवशी असाच फिरत तो टपालबाईच्या घरापाशी गेला. आपण मुद्दामच आलो आहोत हे त्याने जिना चढेपर्यंत स्वतःशी कबूल केले नव्हते. दोन मजले चढून त्याने दार वाजवले. काय बोलायचे तेही ठरवले होते. ताई, मी खोटं बोललो. मी लिहून देतो. कुठे द्यायचं ते सांगा.

दार म्हातारीने उघडले. ती पार वाळली होती, नाकाखाली प्राणवायूची बारीक नळी होती आणि ती नळी खोलीत आतवर गेली होती. पण त्याला पाहताच तिचा चेहरा उजळला.

"अगोबाई, भाऊ! या, या. किती दिवसांनी! बसा तिथे, ती खुर्ची डुगडुगते, या खुर्चीत बसा. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्हीच दुरुस्त करून टाकाल."

तो बसला.

"बंदूक दुरुस्तीला दिलीये म्हणाली. तुमच्याकडेच आहे ना?" म्हातारीने एक श्वास घेतला. "घाई नका करू. पण तिचं मन नाही हो लागत. रविवार आला की नुसती खिडकीपाशी उभी राहते. मी म्हटलं, अगं, ते भाऊ म्हणजे देवमाणूस, एकदा हातात घेतलं की नीटच करून देतील."

मिलीमीटरच्या तोंडाशी शब्द आले. म्हातारी एवढ्या भरवशाने त्याच्याकडे बघत होती.

"लाकूड... लाकूड वाळतंय, माई," तो म्हणाला.

"हां! ओल्या लाकडाचं काम नको. मला ठाऊक आहे." ती समाधानाने हसली. "आणि बरं का, ऑफिसातही बदल झालाय. खिडकीवर बसवत नाहीत आता, मागच्या खोलीत बसवतात. बढतीच असणार. मला सांगत नाही, दृष्ट लागेल म्हणून. चहा टाकते हं."

चहा तिनेच केला. नळी ओढत स्वयंपाकघरात गेली आणि नळी सांभाळत आली. तो अर्धा पिऊन होतो तोच दारात किल्ली फिरली. टपालबाई आत आली, तिने त्याला पाहिले, पायांतल्या चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली.

"काका, चहा घेतलात?" ती म्हणाली.

"घेतला."

"आई, तू उठलीस कशाला? डॉक्टर काय म्हणाले?" तिने आईला पलंगावर बसवले, उशी पाठीशी सारली. "काकांना घाई असेल. मी खालपर्यंत सोडून येते."

जिन्याच्या पहिल्या वळणावर ती थांबली. तिचा आवाज अगदी साधा होता, खिडकीवरून नियम समजावून सांगावा तसा.

"काय सांगितलंत तिला?"

"लाकूड वाळतंय म्हणालो."

"किती दिवस वाळतं लाकूड?"

"चांगलं असेल तर दीड-दोन वर्षं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "दोन वर्षं पुरतील. डॉक्टर तिला सहा महिनेही देत नाहीत."

"ताई, मी आज सांगायला आलो होतो, की..."

"काय सांगायला आलात ते मला ठाऊक आहे. ते त्या दिवशी सांगायचं होतं."

"अजूनही लिहून देतो. पाहिजे तिथे देतो."

"आणि उद्या घरची मंडळी बसली तुमच्यासमोर, की परत फिरवाल." ती एक पायरी वर चढली. "आईला तुम्ही आवडता. ती दिवसातून दोनदा तरी तुमचं नाव काढते. मी तिला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तिच्यासाठी तुम्ही चांगले आहात, तेवढे राहा. पण परत इथे येऊ नका."

त्याने मान हलवली. कठड्याला धरून तो उतरू लागला. गुडघे खरोखरच दुखत होते. एवढ्यात वरून, उघड्या दारातून म्हातारीची हाक आली. दम लागलेली, तुटक, पण जिन्यात घुमणारी.

"भाऊ! गेलात की काय न सांगता? पुढच्या वेळी ती खुर्ची बघायला या हं! याल ना?"

टपालबाई वरच्या पायरीवर उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. वाकलेला हात पोटाशी धरून ती भिंतीकडे बघत त्याच्या उत्तराची वाट पाहत होती.

निरोप घेताना म्हणायला त्याच्याकडे एकच शब्द होता.

"येतो, माई," तो म्हणाला.